पुठ्ठ्याच्या स्टेशनाचा मुआयना

मी दाजींचं स्टेशन घाण केलं.

चुकून नाही, ठरवून. तीन महिने रोज दुपारी पंख्याखाली बसून, पाठीशी उशी घेऊन, एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून घाण केलं. एवढ्या मेहनतीनं मी नोकरीत असताना पोरांच्या चित्रकलेच्या वह्याही तपासल्या नव्हत्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोलीस ॲक्शन झाली, निजामाची रेल्वे सरकारची झाली, आणि त्यानंतर लवकरच दाजी रेल्वेत लागले. जालन्याकडच्या लाईनवर एक लहानसं स्टेशन होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड, सिग्नलची एक केबिन, पाण्याचा हौद आणि प्लॅटफॉर्मवर तीन लिंबाची झाडं. दाजी तिथं आधी असिस्टंट होते, मग बदल्या होऊन इकडंतिकडं फिरले आणि शेवटी परत तिथंच मास्तर म्हणून आले. मी शाळेत होतो तेव्हापासून दरवर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागली की आक्काकडं जायचो. स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये महिनाभर आंबे खायचे, मालधक्क्यावर झोपायचं आणि गाडी आली की इंजिनाचा धूर अंगावर घ्यायला पळायचं, एवढाच माझा कार्यक्रम. पुढं छोट्या रुळांच्या जागी मोठे रूळ आले तेव्हा ती इमारत पाडली. आता तिथं सिमेंटचं काहीतरी आहे. गाडीतून जाताना मी तिकडं बघत नाही. बघितलं तरी ओळखू येत नाही.

रिटायर झाल्यावर माझ्याकडं वेळच वेळ उरला. सकाळी पेपर वाचून व्हायचा आणि बघतो तर नऊच वाजलेले असायचे. अशाच एका लांबलचक सकाळी शहागंजात रद्दीवाल्याकडं विलायती मासिकांचा एक गठ्ठा मिळाला. सगळी छोट्या रेल्वेची. माझ्याएवढाले गोरे बाप्ये टेबलावर हातभर स्टेशनं मांडून बसलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव की गाडी लेट झाली तर यांनाच मेमो मिळणार. इंग्रजी मला निम्मं समजतं, पण चित्रं पुरी समजली. स्टेशन बांधायला त्यांना दोन पानं लागत होती आणि ते मळवायला दहा. नवा पुठ्ठा मिठाईच्या खोक्यासारखा दिसतो. त्यावर धूर, गंज, धूळ, पावसाचे ओघळ चढले की मग ती इमारत वाटते, असं एकंदरीत म्हणणं होतं. मला ते एकदम पटलं. ‘कागद स्वच्छ ठेवा, हात पुसा’ असं पोरांना सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. आता घाण करण्याची पाळी माझी.

त्या भरात एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या दाजींना मी म्हणून गेलो, “दाजी, तुमचं जुनं स्टेशन मी बनवून देतो. हुबेहूब.”

दाजींच्या हातातला घास तसाच राहिला. “खरं म्हणतो?”

“अगदी केबिनसकट.”

पुढं आलेली जिलेबी त्यांनी दोनदा नको म्हटली. मला वाटलं, विसरतील. लग्नात माणूस काय काय बोलतो! पण दाजी विसरले नाहीत. पाचोडला आपल्या घरी परत गेल्यावर त्यांनी जुन्या सोबत्यांना पोस्टकार्डं टाकली. निवृत्त रेल्वेवाल्यांचा आमच्या शहरात दरसाल एक मेळावा भरायचा. ‘यंदा मी माझं स्टेशन घेऊन येतो आहे,’ असं त्यांनी सगळ्यांना कळवून टाकलं. हे मला आक्कानं फोनवर सांगितलं, आणि आवाज बारीक करून पुढं म्हणाली, “मागची दोन वर्षं गेलेच न्हाईत रे ते मेळाव्याला. जाऊन काय सांगू, म्हणायचे. आता नवा सदरा शिवायला टाकलाय.”

सदरा ऐकल्यावर माघार घ्यायची सोय उरली नाही.

पुठ्ठा कापून, काड्यापेटीच्या काड्यांची दारं-खिडक्या लावून, पत्र्याच्या शेडसाठी सुरकुत्यांचा कागद चिकटवून पंधरा दिवसांत स्टेशन उभं राहिलं. मग ते म्हातारं करायला घेतलं. भिंतींना जुनकट पिवळेपणा यावा म्हणून त्यांना चहा पाजायचा, असं मी स्वतःच्या अकलेनं ठरवलं. सकाळचा उरलेला चहा फुकट जाण्यापेक्षा बरा, म्हणून तोच फासला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. मुंग्या. तिकीट खिडकीपासून हौदापर्यंत शिस्तीत रांग. चहात साखर असते हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. बायको म्हणाली, “तुमच्या स्टेशनात निदान पॅसेंजर तरी आले.” भिंती पुसल्या, वाळवल्या आणि बिनसाखरेचा चहा करून पुन्हा फासल्या. तो चहा करताना ती शेजारी उभी राहून बघत होती. तेच जास्त लागलं.

कंदिलाच्या काचेची काजळी काढून ती कोरड्या ब्रशानं शेडच्या आढ्यापाशी हळूहळू जिरवली, कारण इंजिनाचा धूर तिथंच साचायचा. मोडक्या घमेल्याचा गंज खरवडून, वस्त्रगाळ करून पत्र्यावर चोळला आणि ओल्या ब्रशानं त्याचे ओघळ खाली ओढले. काळी माती वाळवून बायकोच्या मैद्याच्या चाळणीतून चाळली. त्यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही. ती धूळ भिंतीच्या पायथ्याशी, खिडक्यांच्या कडेला, लिंबाच्या बुंध्यावर बसवली. मागच्या बाजूला राखेचा ढीग, एक फुटकी बादली, संडासाचं एका बिजागरीवर लोंबणारं दार. शेवटी पिचकाऱ्या. काताचं पाणी जुन्या टूथब्रशवर घेऊन अंगठ्यानं उडवलं. प्रत्येक पिचकारी निराळ्या तोंडातून आल्यासारखी वाटावी म्हणून मी एका पिचकारीमागं पाच-पाच वेळा अंगठा झाडत होतो. संध्याकाळी अंगठा सुजायचा, मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. पुठ्ठ्याचं एक स्टेशन म्हातारं करायला मला एवढे कष्ट पडत होते, आणि त्याच खोलीत त्याच पंख्याखाली मी मात्र काहीएक न करता भराभर म्हातारा होत होतो. त्यासाठी कुठलं मासिक लागलं नाही.

मेळावा रविवारी होता. दाजी आणि आक्का शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं आले. दाजींनी हातपाय धुतले, चहा घेतला नाही, थेट म्हणाले, “दाखव.”

मी वरचं धोतराचं फडकं जादूगारासारखं ओढलं.

दाजी वाकले. बराच वेळ वाकून बघत राहिले. त्यांची नजर शेडवरून भिंतीवर, भिंतीवरून प्लॅटफॉर्मवर आली आणि पिचकाऱ्यांपाशी थांबली. मला वाटलं, भरून आलं असावं. मी रुमाल शोधायला लागलो.

“हे काय हाय?” दाजी म्हणाले.

“पिचकाऱ्या. पानाच्या.”

“माझ्या स्टेशनात?”

“म्हणजे… असतातच की दाजी, कुठल्याही—”

“कुठल्याही असतील. माझ्या स्टेशनात?” ते ताठ झाले. “दोनदा शील्ड मिळालंय त्या स्टेशनाला. सफाईचं. आख्ख्या लाईनीत पहिलं. आन् तू तिथं थुकून ठिवलंस?”

शील्डचं मला ठाऊकच नव्हतं. आक्काच्या घरात चांदीच्या रंगाची एक ढाल मी सुट्टीत गेल्यावर बघितली होती, पण ती कुणाच्या तरी लग्नात आलेली असावी असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

“दाजी, मी जे बघितलं तेच केलंय. शेडला काजळी होती. धूळ तर इतकी होती की—”

“तू कधी यायचास?”

“सुट्टीत.”

“मे महिन्यात. वावटळी उठायच्या, तिन्ही लिंबांचा पाला पडायचा, पाणी नसायचं हौदात. आन् मुआयना कधी असायचा? थंडीत. थंडीत कधी आलास?”

मुआयना म्हणजे साहेबांची सालाना तपासणी. निजामाच्या अमलातला शब्द, दाजींच्या पिढीनं तो शेवटपर्यंत सोडला नाही. थंडीत मी कधीच गेलो नव्हतो. थंडीत शाळा असायची.

आक्का आतून आली, पदराला हात पुसत वाकली, आणि सरळ मागच्या बाजूला गेली. “अगबाई! हे तर अगदी बराबर केलंय. राखंचा ढीग, ते दार… माझ्या खिडकीतनं असंच दिसायचं.”

“तू गप,” दाजी म्हणाले.

“गप काय? सतरा वेळा सांगितलं हुतं तुम्हाला त्या दाराचं.”

दाजी खुर्चीत बसले. एकदम थकल्यासारखे दिसले. पाचोडहून येताना एस.टी.त उभं राहावं लागलं होतं, हे आक्कानं नंतर सांगितलं. जरा वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, “परवा मेळाव्याला टी.आय. साहेब येणार हैत. सिकंदराबादहून. पंच्याऐंशीच्या पुढं असतील आता. त्यांच्याच हातनं घेतलंय मी शील्ड. त्यांच्यापुढं हे ठिवू?”

टी.आय. म्हणजे ट्रॅफिक इन्स्पेक्टर. हे साहेब म्हणजे दाजींच्या उभ्या नोकरीचा धाक. त्यांचं नाव निघालं तरी दाजी बसल्या जागी सदऱ्याची बटणं चाचपायचे.

म्हणजे झालं होतं असं की मी माझी मे महिन्याची सुट्टी बनवली होती, आणि दाजींना हवी होती त्यांची नोकरी. दोन्ही एकाच इमारतीत झाल्या, एवढाच काय तो संबंध. हे कळायला मला तीन महिने आणि एक चाळणी लागली.

दोन दिवस उरले होते. मी आधी चुन्याचा हात दिला. पानाच्या दुकानातून चुना आणून, पातळ करून, काजळीवर मारला. वाळल्यावर खालची काजळी वर आली आणि स्टेशन सुतकात असल्यासारखं दिसायला लागलं. दुसरा हात मारला, तिसरा मारला. दाजी शेजारी स्टुलावर बसून बघत होते.

“नीळ टाक जरा.”

नीळ टाकली. आता स्टेशन आजारी दिसायला लागलं.

शेवटी मी ब्लेड घेऊन पुढची सगळी भिंत खरवडली, तिच्यावर नवा पातळ कागद चिकटवला आणि त्यावर चुना दिला. तीन महिन्यांचं काम तासाभरात कागदाखाली गेलं. पिचकाऱ्यांवरून ब्रश फिरवताना हात जरा जड झाला, खोटं कशाला बोलू. मग दाजींनी ताबा घेतला. त्यांचा हात कापायचा म्हणून ब्रश मी धरायचा आणि हुकूम ते सोडायचे. आधी प्लॅटफॉर्मची कड. मग झाडांभोवतीचे दगड, एक आड एक, पांढरा आणि गेरूचा. मग झाडाचा बुंधा, कमरेइतका पांढरा, वर गेरूचा पट्टा. मग आगीच्या बादल्या लाल.

“पट्टा जाड झाला.”

“दाजी, तो दोऱ्याएवढा आहे.”

“सायबाला दिसंल. पूस.”

पुसला. शनिवारी रात्रीपर्यंत मी तो पट्टा किती वेळा काढला त्याचा हिशोब ठेवला नाही. खरं सांगायचं तर पाठ इतकी भरून आली होती की मी जमिनीवर पालथा पडून ब्रश चालवत होतो. ज्या मुलांना मी कंटाळा करता म्हणून पट्टी मारली, त्यांतल्या एखाद्यानं तेव्हा खिडकीतून बघायला हवं होतं.

“भिंतीला इथं भगदाड हुतं,” दाजी मध्येच म्हणाले. ते आता खुलले होते. “तिथं टाईमटेबलाचा बोर्ड टांगायचो आम्ही. मुआयना झाला की परत जाग्यावर.”

मी बोर्ड टांगला. आणि मग, केवळ पाठदुखीमुळं, मला एक प्रश्न सुचला.

“दाजी, मागच्या बाजूलाही चुना द्यायचा का?”

दाजींनी स्वयंपाकघराकडं बघितलं. आक्का आणि माझी बायको आत भाकरी करत होत्या. मग ते माझ्याकडं झुकले.

“मागं कशाला?”

“म्हणजे?”

“चुना मोजून यायचा. पुढंच पुरायचा न्हाई. सायबाचा डबा पुढं उभा ऱ्हायचा. ते उतरायचे, पुढं बघायचे, रजिस्टरं बघायचे. तंवर तुझी आक्का भजी आन् चहा धाडायची. गरम. भजी खाऊन कोण उठतंय मागं जायला?” ते थोडे हसले. मग हसू गेलं. “पर दरसाली जीव टांगणीला. एकदा जरी मागं गेले असते तर संपलं हुतं.”

“गेले नाहीत कधी?”

“न्हाई.”

म्हणजे शील्ड अर्ध्या स्टेशनाला मिळालं होतं. मला हायसं वाटलं. मागची बाजू, माझी राख, माझं लोंबणारं दार, माझे गंजाचे ओघळ, सगळं वाचलं.

“मग मागं राहू दे असंच?”

“ऱ्हाऊ दे,” दाजी म्हणाले. “भिंतीला लावून ठिवू. मागं कोण बघतंय.”

रविवारी रेल्वे स्टेशनाजवळच्या एका मंगल कार्यालयात मेळावा भरला. दाजी नवा सदरा घालून. आक्का आणि माझी बायको घरीच थांबल्या; बायकांनी यायची तिथं पद्धत नव्हती. रिक्षात मी पुठ्ठ्याचं स्टेशन मांडीवर घेऊन बसलो आणि प्रत्येक खड्ड्याला दाजी “हळू रे, हळू रे” करत माझ्याच मांडीवर हात ठेवत होते. आत गेल्यावर एक टेबल भिंतीला लावलं आणि त्यावर स्टेशन मांडलं, तोंड माणसांकडं, पाठ भिंतीकडं.

पाच मिनिटांत गराडा पडला. जुने गार्ड, सांधे बदलणारे पॉइंट्समन, तिकीट कलेक्टर. कुणी म्हणत होतं केबिन डावीकडं होती, कुणी म्हणत होतं हौद अजून लांब होता, आणि कुणीतरी त्या लिंबाखाली आपला डबा कसा कुत्र्यानं नेला ते सांगत होतं. दाजी टेबलाच्या कडेला उभे होते. प्रत्येकाच्या बोलण्याला मान डोलावत होते. इतके उंच मी त्यांना पुष्कळ वर्षांत बघितलं नव्हतं. मी मागच्या खुर्चीत टेकलो होतो. माझी पाठ दुखत होती, बोटांना चुना होता, आणि खरं सांगतो, मला फक्त झोप हवी होती.

तेवढ्यात वाट झाली. काठी टेकत टी.आय. साहेब आले. वाळलेला माणूस, पण डोळे लखलखीत. गराडा आपोआप मागं सरला. दाजींचे दोन्ही हात शिवणीला चिकटले. मीही उठून उभा राहिलो, कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही.

साहेब वाकले. प्लॅटफॉर्मची कड बघितली, दगड बघितले, बादल्या बघितल्या. झाडावरचा पट्टा, नख न टेकवता, वरूनच नखानं मोजला.

“चुना बरोबर,” ते म्हणाले. “पट्टा बरोबर.”

दाजींनी श्वास सोडलेला मला तिथून ऐकू आला.

साहेब सरळ होणार, तेवढ्यात थांबले. “बोर्ड नेहमी तिथंच असायचा?” त्यांनी विचारलं.

“जी साहेब.”

“हं.” साहेबांनी काठी टेबलाला टेकवली. “जरा फिरवा बरं हे.”

कुणी हललं नाही. तिथं भजी नव्हती, चहा नव्हता, आक्का नव्हती. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. शेवटी एका जुन्या पॉइंट्समननं, कसलीही कल्पना नसताना, दोन हातांनी स्टेशन उचललं आणि अलगद फिरवलं.

राख. फुटकी बादली. काजळी. भिंतीभर गंजाचे ओघळ. एका बिजागरीवर लोंबणारं दार. आणि त्या दाराशेजारी, मी विसरलो होतो, तीन पिचकाऱ्या.

साहेब बराच वेळ वाकून होते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बत्तीस वर्षं,” ते म्हणाले, “बत्तीस वर्षं मला वाटत होतं, मागं काय असेल. हे होतं तर.”

दाजींचा चेहरा त्या भिंतीहून पांढरा. त्यांचं शील्ड, त्यांचा सदरा, त्यांची पोस्टकार्डं, सगळं त्या लोंबत्या दाराशी येऊन थांबलं होतं. माझ्या तोंडाशी काहीतरी बोलणं आलंसुद्धा होतं. त्यांची बाजू घ्यावी म्हणून मी एक पाऊल पुढं टाकलं.

त्या पावलानंच दाजींना मी सापडलो. त्यांनी बोट रोखलं, थेट माझ्या छातीवर.

“न्हाई साहेब, मागचं माझं न्हाई. ते ह्यानं केलंय. ड्रॉइंग मास्तर हाय, रेल्वेतलं काय कळतंय त्याला!”